डबीचा राखणदार

सातवीण फुलली की माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. पावसाळा उलटून ऊन पुन्हा अंगावर यायला लागतं, दुपारचं डांबर मऊ होतं, संध्याकाळी लांब कुठेतरी ढग नुसतेच गुरगुरून निघून जातात, आणि मग एके दिवशी तो गोडसर, डोकं धरणारा वास खिडकीतून घरात शिरतो. लोक म्हणतात, अहाहा. माझे तळहात ओले होतात. परवा बोरिवलीच्या बाजारात झेंडू घेताना तेच झालं. समोरच्या फुटपाथवर सातवीण होती, झुळूक आली आणि मी उभ्या जागी पाय दाबला. फूलवाली म्हणाली, "काय ओ मावशी, मुंगळा चावला काय?" मी म्हटलं, "नाही गं, जुनी सवय आहे." आता तिच्या टोपलीपुढे उभं राहून काय काय सांगणार?

यंदा त्या सवयीला आणखी एक निमित्त मिळालं आहे. माझ्या मुलीने, मुक्ताने, गाडी घेतली. लहानशीच आहे. पण तिच्या इंजिनात टर्बो म्हणून काहीतरी आहे, आणि जरा पाय ठेवला की ती अशी सुटते की बघणारा बघत राहतो. आणली त्याच दिवशी मुक्ता मला हायवेवर घेऊन गेली. "आई, बघ हां आता," म्हणाली, आणि माझी पाठ सीटला चिकटली. पोटात एकदम खड्डा पडला. तो खड्डा माझ्या ओळखीचा होता. इतक्या वर्षांनी भेटला तरी लगेच ओळखू आला.

उद्या दसरा. गाडीची पूजा करायची आहे. दोन नारळ आणून ठेवले आहेत. एक फोडायचा. दुसऱ्याचं काय करायचं ते मला ठाऊक आहे, पण मुक्ताला ते कसं सांगायचं याचा विचार करत मी सकाळपासून बसले आहे.

दिंडोशीच्या कॉलनीत आम्ही राहायला आलो तेव्हा गिरण्यांचा संप मोडून तीन-चार वर्षं झाली होती. बाबांची गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि मागोमाग बाबाही गेले. उरलो आई, दादा आणि मी. दादा अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, मी सांताक्रूझला एका ऑफिसात टायपिस्ट. आईला मुंबईत येऊन तीस वर्षं होऊन गेली होती, पण तिच्या बोलण्यातून मालवण काही गेलं नव्हतं. कॉलनी नवी, तिच्यातली झाडं कमरेएवढी, आणि मागे आरेचं रान. ऑक्टोबरात त्या रानातूनच सातविणीचा वास यायचा.

दादाचं गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. त्या काळी रस्त्यावर सगळ्या गोल पाठीच्या, जडशीळ गाड्या असत. त्यांच्या गर्दीत नुकतीच एक नवी छोटी गाडी आली होती, आठशे सीसीची, जपानी बांधणीची. सिग्नल सुटला की बाकीच्या गाड्या गिअर शोधत असत तोवर ही पुढच्या नाक्यावर पोचलेली असायची. दादाच्या डोळ्यांपुढून ती हलेना. नवी घेणं आमच्या स्वप्नातही नव्हतं. पण बोरिवलीच्या एका डॉक्टरांची अशीच गाडी दहिसरजवळ ट्रकला घासली, डावं अंग पार चेपलं, आणि ती एका गॅरेजमागच्या गवतात पडून राहिली. दादाने ती भंगारात उचलली. अख्खा पावसाळा तो रविवारचे रविवार तिथे पत्रा ठोकत बसला. गणपतीनंतर ती स्वतःच्या चाकांवर कॉलनीत आली, तेव्हा तिची डावी बाजू उजवीपेक्षा किंचित वेगळी पांढरी होती आणि डावं दार वर उचलून उघडावं-लावावं लागायचं. कॉलनीने पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं. डबी.

दादाचा हिशेब साधा होता. इंजिन मोठं करता येत नाही ना, मग गाडी हलकी करायची. त्याने मागची सीट काढली. खालची जाजमं काढली. नुसता उघडा पत्रा राहिला, त्यावर चपला टणाटण वाजायच्या. सायलेन्सर मोकळा केला, रुंद टायर बसवले, आणि कार्ब्युरेटरशी काय काय केलं ते त्याचं त्यालाच माहीत. आईने एकदा मागे छत्री ठेवली तर त्याने ती उचलून घरात आणून टेकवली. "आई, फालतू वजन नको ठेवूस गं. पिकअप मरतो."

"छत्रयेन मरता ती गाडी कसली?" आई म्हणाली.

एकच गोष्ट त्याने गाडीत वाढवली. मी बुटकी. ड्रायव्हरच्या सीटवर बसले की मला रस्त्याऐवजी आभाळ दिसायचं. तेव्हा त्याने लाकडाचे ठोकळे तासून आणले आणि ते खाली बसवून ती सीट उंच केली. तो चालवायला बसला की त्याचं डोकं टपाला लागायचं, ते त्याने सोसलं. सीटच्या खाली मात्र चांगली वीतभर पोकळी झाली. आमच्यापैकी कुणाचंच तिच्याकडे लक्ष गेलं नाही.

मला गाडी शिकायचीच नव्हती. मी जन्माची भित्री. झोपाळ्यावर बसवलं तर पाय जमिनीवरून उचलायची नाही. पण दादाने लायसन्स काढायला लावलं, आणि मग रविवारी सकाळी आरेच्या आतल्या रस्त्यांवर घेऊन जायला लागला. तिथे रस्ते वळणावळणाचे, चढउताराचे, दोन्ही बाजूंना झाडी, मधूनच म्हशींचे गोठे. पहिल्या रविवारी मी रडले. दुसऱ्या रविवारी गिअर बदलताना असा काही आवाज काढला की गोठ्यातल्या म्हशींनी माना वर केल्या. पुढे केव्हातरी, नेमकं कधी ते आठवत नाही, मला ते कळलं.

म्हणजे काय कळलं? सांगणं अवघड आहे. दादा बाजूला बसून म्हणत होता, "दुसऱ्यातच ठेव. ओरडू दे तिला. घाबरू नको, ती ओरडते तेव्हाच खूश असते." मी पाय दाबला. तो इवलासा जीव अंगात येईल तेवढं सगळं बळ लावून चढावर धावायला लागला. वळण आलं. मी स्टिअरिंग जरासं वळवलं तर गाडी हूं की चूं न करता वळली, माझ्या मनात यायच्या आधीच वळल्यासारखी. मोठ्या गाडीत माणूस आत बसतो. ही मी अंगात घातली होती. लहान गाडीत रस्ता मोठा होतो, खड्डा खोल होतो, चाळीसचा वेग ऐंशीसारखा लागतो. सगळं जमिनीलगत, सगळं कानाशी. पोटात खड्डा पडत होता, तळहात ओले होते, आणि मी हसत होते. दादा ओरडला, "झकास! काय घेतलंस यार ते वळण!" आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी घाबरटऐवजी दुसरं काहीतरी म्हटलं होतं.

तेव्हा वाटलं, भीती इतकी वाईट नसते. चिंच खाताना दात आंबतात तरी आपण खातो, तशी. पुढच्या रविवारपर्यंत मी ती भीती जिभेवर घोळवत राहायची. ऑफिसात टाइप करताना डावा हात मधेच गिअर टाकायला निघायचा.

आईची भीती मात्र या जातीची नव्हती. तिला चव नव्हती. डबी आली त्या दिवसापासून आई तिच्या जवळून जाताना पदर सावरून जायची. "ह्या गाडयेन एकदा रगत बघल्यान हा," ती म्हणायची. "तिका आता सवय लागली."

"अगं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही," दादा समजावायचा. "डॉक्टर रोज दवाखान्यात बसतात."

"ह्या तुका कोणी सांगल्यान? ज्येणा गाडी इकल्यान, तेनाच मां?"

हायवेवरून कॉलनीत वळताना दादा मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये यायचा, आणि तो मोकळ्या सायलेन्सरचा फडफडाट आईला स्वयंपाकघरात ऐकू जायचा. शेजारच्या काकू सांगायच्या की रविवारी तो आवाज येईपर्यंत आई हातातली पळी नुसती हातात धरून उभी असते. फोडणी करपली तरी तिला कळत नाही. आवाज आला की मग पुढचं काम. आम्ही दार उघडून आत जायचो तेव्हा ती पाठमोरी असायची. विचारायची फक्त, "चाय टाकू?" आम्हाला वाटायचं ती रागावली आहे. भीती आणि राग बाहेरून किती सारखे दिसतात, हे कळायला मला स्वतःला मूल व्हावं लागलं.

दसऱ्याला डबीची पूजा झाली. झेंडूचं तोरण, आपट्याची पानं, बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं, चारी चाकांखाली लिंबं. आईने एक नारळ फोडला. मग दुसरा घेतला, लहानसाच, शेंडीचा, आणि तो हातात धरून गाऱ्हाणं घातलं. बाबा असताना गाऱ्हाणं बाबा घालायचे. त्या दिवशी आईने स्वतः घातलं, कॉलनीतल्या लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

"बा देवा म्हाराजा, माझ्या झिलान ही गाडी घेतल्यान हा. माझा चेडू ती हाकता. वाटेत खय अडचण इली, कोणाची नजर लागली, तर ती मागच्या मागे परतव रे म्हाराजा! माझी पोरां सुखरूप घराकडे येवंदेत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दादा आणि मी म्हणालो. दादा जरा चेष्टेने म्हणाला. आईचा आवाज शेवटी कापला, त्याकडे आम्ही काणाडोळा केला.

गाऱ्हाण्याचा नारळ देवापाशी ठेवायचा असतो. आम्हाला वाटलं तिने ठेवला. तिने तो लाल फडक्यात गुंडाळून, आम्ही दोघं कॉलनीत सोनं वाटायला गेलो असताना, ड्रायव्हरच्या सीटच्या मागे उघड्या पत्र्यावर ठेवून दिला होता. आमचा राखणदार. दादाला सांगितलं असतं तर त्याने तो छत्रीसारखा उचलून घरात आणला असता, म्हणून सांगितलं नाही.

आता सगळं नीट दिसतं. आईने भीतीपोटी नारळ ठेवला. दादाने हौसेपोटी जाजमं काढली होती, म्हणून तो गडगडायला मोकळा होता. आणि माझ्यावरच्या मायेपोटी सीट उंच झाली होती, म्हणून त्याला पुढे यायला वाट होती. तिघांपैकी एकाचंही मन वाकडं नव्हतं.

त्यानंतरचा रविवार. आरेच्या टेकडीवर आम्ही चढून गेलो तो चढ मी कधीच विसरणार नाही, इतका तो सुरेख झाला. ऊन कोवळं होतं, खिडक्या उघड्या होत्या, सातविणीचा वास एकेका वळणावर येत होता आणि जात होता. डबी नुसती गात होती. वर पोचलो तेव्हा दादाने डॅशबोर्डवर थाप मारली. ती गाडीला होती की मला, कोण जाणे. मी म्हटलं, "उतारपण मीच घेते." तो म्हणाला, "घे. फक्त एक ध्यानात ठेव, ब्रेक पायात नसतो, गिअरमध्ये असतो. पाय सगळ्यात शेवटी."

उतार सुरू झाला तसा मागे काहीतरी गडगडलं. दादा म्हणाला, "जॅक सुटला वाटतं, खाली गेल्यावर बघू." पहिल्या वळणावर मी ब्रेक दाबला, नीट लागला. सीटखाली काहीतरी टक्कन वाजलं. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते, वेग बऱ्यापैकी होता, आणि मला मजा येत होती. दुसरं वळण संपलं तेव्हा समोर, रस्त्याच्या मधोमध, एक बाई चालली होती. डोक्यावर गवताचा एवढा मोठा भारा की पाठमोरी ती दिसतच नव्हती. चालत्या गवताला दोन पाय फुटले होते फक्त.

मी ब्रेक दाबला. पेडल थोडंसं खाली गेलं आणि थांबलं. मऊ नाही झालं, सैल नाही पडलं. दगडावर पाय द्यावा तसं घट्ट थांबलं.

"ब्रेक, नलू!"

"लागत नाही!"

"दाब ना!"

"दादा, खालीच जात नाही रे!"

हॉर्न दाबला. गवताच्या आत तिचे कान झाकलेले. मला आठवतं ते असं, की त्या क्षणी मला आवाज ऐकू येईनासे झाले आणि तिच्या टाचा तेवढ्या दिसत राहिल्या. भेगाळलेल्या, धुळीने पांढऱ्या. आपण आता हिला मारणार. मी मरेन असं नाही मनात आलं, दादाचंही नाही. मी हिला मारणार. ही भीती चिंचेसारखी नव्हती. या भीतीत मी नव्हतेच, नुसती भीती होती.

माझ्या हाताने मला न विचारता गिअर दुसऱ्यात टाकला. इंजिन किंचाळलं, गाडीने नाक खाली घातलं. त्याच वेळी दादाने हँडब्रेक ओढला. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. डबी रस्ता सोडून गुडघाभर सुक्या गवतात शिरली, खड्ड्यातून उसळली आणि गोठ्याबाहेरच्या शेणाच्या ढिगात नाक खुपसून बंद पडली.

बाईने भारा टाकून दिला होता. ती आमच्याकडे बघत उभी होती. "आंधली हाय काय गो?" ती म्हणाली. नुसतं विचारल्यासारखं. मग तिने दादाला हात केला, भारा डोक्यावर चढवायला. पहिल्या खेपेला भारा दादाच्या हातांमधून निसटून पडला. दुसऱ्या खेपेला चढला. ती वाटेने निघून गेली, मगाचसारखीच रस्त्याच्या मधोमध.

दादा वाकला आणि पेडलच्या खाली हात घालून ओढत ओढत त्याने ते बाहेर काढलं. लाल फडकं. त्यावर पेडलच्या रबराच्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. आतल्या नारळाची शेंडी एका बाजूने चेंगरली होती.

"आईचा," तो म्हणाला. तो हसायला लागला आणि मधेच थांबला. मग तिथेच गवतात बसला. म्हणाला, "आईला बोलायचं नाही हां, नलू. ती जेवणार नाही परत कधी."

घरी गेल्यावर दादाने गुपचूप तो नारळ देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. "बेगीन इलात आज?" घड्याळाकडे बघत आईने विचारलं. "ऊन लागत होतं," दादा म्हणाला. संध्याकाळी दिवा लावताना आईने नारळ पाहिला असणार. ती काहीच बोलली नाही. आम्हाला वाटलं, तिची समजूत झाली असेल की दादाने वजन नको म्हणून काढून आणला. रागावली असेल. बरं झालं, रागावू दे.

मी परत गाडीला हात लावला नाही. रविवार आला की माझं डोकं दुखायचं. ऑफिसात टाइप करता करता पाय दाबला जायचा आणि मधेच, दगड लागल्यासारखा, थांबायचा. कुठे गवताचा भारा दिसला की मी बाजूच्या गल्लीत वळायची. दादाने जाजमं परत घातली, मागची सीट बसवली, सायलेन्सर बंद केला. मग डबीवर ताडपत्री टाकली. तिच्याकडे बघताना त्याचा चेहरा ओढलेला दिसायचा. तो मला एकदाही "चल" म्हणाला नाही, आणि त्याने म्हणावं असं मला वाटायचं, आणि म्हटलं असतं तर मी रडले असते. कॉलनीतले लोक विचारायचे, "डबीची वाट लागली काय रे?" दिवाळी आली. सातविणीची फुलं गळून खाली चुरा झाला. आता मी कधीच गाडी चालवणार नाही हे मला माहीत होतं. जे एकच काहीतरी मला साधलं होतं ते गेलं होतं.

भाऊबिजेला आईला वाकोल्याला मामाकडे जायचं होतं. दरवर्षी ती बसने जायची. त्या दिवशी मी दादाला ओवाळून उठले आणि बाहेर बघते तर ताडपत्री खाली पडलेली. आई ठेवणीतल्या साडीत डबीच्या डाव्या दाराशी झटापट करत होती. ते वर उचलून उघडावं लागतं हे तिला कुठे माहीत? डबीत ती तोवर एकदाही बसली नव्हती.

दादा धावला. "थांब, मी सोडतो."

"तू नको. नलू नेतली."

"आई, माझ्याने नाही होणार," मी म्हटलं.

"माका काय भिया नाय वाटता?" ती आत बसत म्हणाली. "ह्या डब्यात पाय ठेवल्यार माझ्या पोटात गोळो येता. म्हणान काय भावाक ओवाळूचा नाय?"

मी आत बसले. किल्ली लावली. मग माझं लक्ष तिच्या मांडीकडे गेलं. नारळ होता. फडकं नवं होतं, पण वर आलेली शेंडी एका बाजूने चेंगरलेली होती.

"आई, तो पिशवीत ठेव ना," मी म्हटलं. "मागे ठेव."

"नको," ती म्हणाली. "मांडयेर रवांदे. हातात आसलो काय खय जाणा नाय."

दादा खिडकीशी वाकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. म्हणजे तिला माहीत होतं. त्याच संध्याकाळी, फडक्यावरच्या रेघा बघितल्या तेव्हापासून तिला माहीत होतं. मग तिने जुनं फडकं काढून टाकलं होतं, आणि सगळी दिवाळी आम्हाला फराळ वाढत, अंगाला उटणं लावत, ते पोटात ठेवून वावरली होती. आपल्या हाताने आपण काय ठेवलं होतं, हे. मला वाटलं तिला मिठी मारावी. पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. मी पहिला गिअर टाकला.

हायवेला लागेपर्यंत मी घामाने भिजले होते. आई समोर बघतच नव्हती. दोन्ही हातांनी नारळ धरून ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. गोरेगाव गेलं, जोगेश्वरी गेली. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नव्हते. टेम्पो हॉर्न मारत ओलांडून जात होते. अंधेरीच्या अलीकडे आईने मान वर केली.

"गे, असा चलत रवलव तर भावबीज संपतली. वायच जोरान हाक."

मी तिसरा टाकला. पाय दाबला. आवाज आता बंद सायलेन्सरातून दबका येत होता, पण खाली तीच होती, तोच इवलासा जीव, अंगात येईल तेवढं बळ लावणारा. पोटात खड्डा पडला. सांताक्रूझला डोक्यावरून एक विमान इतकं खाली उतरत गेलं की आईने नारळावर पदर घातला. आणि वाकोल्याच्या वळणाआधी सिग्नल लाल झाला.

मी ब्रेकवर पाय ठेवला. तो खाली गेला, मऊ, शहाण्यासारखा, आणि डबी थांबली. मी खाली बघितलं. माझ्या पायाकडे नाही, आईच्या. तिचा उजवा पाय पत्र्यावरच्या जाजमावर गच्च दाबलेला होता. माझ्याबरोबर तिनेही ब्रेक मारला होता. नंतर प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणाला, मी बघत राहिले. दरवेळी ती दाबत होती. बाजूला बसून, नारळ मांडीवर घेऊन, तिच्याकडे नसलेला ब्रेक.

मामाच्या दारात उतरताना मी तिचा हात धरला. नारळ धरून तळहात ओले झाले होते, फडक्याचा लाल रंग त्यांना लागला होता. मामा म्हणाला, "गे आक्का, गाडयेन इलंस?" आई म्हणाली, "चेडवान हाडल्यान." माझ्या मुलीने आणलं. बस्स, एवढंच.

आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दादा विरारला असतो, डोळ्यांमुळे आता चालवत नाही, पण मुक्ताला फोन करून टायरमधली हवा विचारतो. माझी पाय दाबण्याची सवय त्या उतारावरची आहे असं मी सगळ्यांना सांगत आले. फूलवालीलाही तसंच काहीसं सांगणार होते. ती तिथली नाही. उतारावरचा माझा पाय नारळावर अडकला होता. हा जो खाली जातो, अगदी शेवटपर्यंत, तो आईचा आहे.

उद्या मुक्ताला मी जास्त काही सांगणार नाही. पूजा होईल, मी गाऱ्हाणं घालीन, माझा आवाज शेवटी कापेल आणि ती चेष्टेने "होय म्हाराजा" म्हणेल. मग मी पुढे तिच्या शेजारी बसेन आणि दुसरा नारळ मांडीवर घेईन. ती म्हणेल, "आई, डिकीत ठेव ना तो." मी ठेवणार नाही. हायवेवर ती मला हसेल, "अगं, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये." मी म्हणेन, माहीत आहे. मग तिला माझी कीव येईल आणि ती विचारेल, "खूप घाबरलीयेस का? हळू घेऊ?"

मी खूप घाबरलेली असेन. दोन्ही हातांनी नारळ गच्च धरून मी तिला सांगेन, वायच जोरान हाक.